स्मरण, विस्मरण आणि आपली शाळा

(केंद्रातील प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘मुलांची स्मरणशक्ती’ या विषयावर आज मी चार शब्द बोलावे, अशी आपली आज्ञा झाली. मी मानसशास्त्राचा पंडित नव्हे. ज्याची सारी नोकरी द्विशिक्षकी शाळांत गेली, असा मी एक निवृत्त शिक्षक आहे. या विषयावर जे थोडेफार वाचन केले, ते ज्ञानाच्या हौसेपेक्षा एका चुकीच्या टोचणीने केले. म्हणून प्रथम ती चूकच आपणांपुढे ठेवतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या वर्गात एक मुलगा होता. घरची मंडळी ऊसतोडणीला जाणारी. दिवाळीपर्यंत तो शाळेत होता आणि बारापर्यंतचे पाढे त्याला येत होते. पुढे तो आईबापांबरोबर तोडीवर गेला आणि चैत्रात परत आला. मी त्याला उभे करून सातचा पाढा म्हणावयास सांगितले. ‘सात त्रिक’पर्यंत येऊन तो थांबला. आठचा तर त्याला सुरूही करता येईना. मुले हसली. मी त्याला पहिलीच्या मुलांत बसविले आणि त्याच्या नोंदीत ‘स्मरणशक्ती मंद’ असे दोन शब्द लिहिले. पुढच्या जूनमध्ये तो शाळेत आला नाही आणि त्यानंतरही कधी आला नाही.

ते दोन शब्द लिहिताना मला स्मरणशक्तीविषयी काय ठाऊक होते? काहीही नव्हते. मुलाला विचारले, त्याने सांगितले नाही, त्या अर्थी त्याच्या डोक्यात ते नाही, एवढाच माझा हिशेब होता. हा हिशेब कोठे चुकतो, ते आज पाहू.

आपल्या अध्यापक विद्यालयांत स्मृतीच्या तीन पायऱ्या शिकवीत: ग्रहण, धारण आणि प्रत्यावाहन. एखादी गोष्ट मनात घेणे, ती टिकवून ठेवणे आणि हवी तेव्हा परत आणणे. शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर धान्य घरी आणणे, कणगीत भरणे आणि लागेल तेव्हा काढणे. ही उपमा थोड्याच अंतरापर्यंत चालते, हे पुढे दिसेल. तूर्त एवढेच ध्यानात घ्यावे, की मूल उत्तर देत नाही तेव्हा बिघाड या तिन्हींपैकी कोणत्याही पायरीवर असू शकतो, आणि प्रत्येकावरचा उपाय निराळा आहे.

प्रथम ग्रहणाचा विचार करू. जे मनाने घेतलेच नाही, ते विसरले असे म्हणता येत नाही. फळ्यावरील अक्षर मागच्या रांगेतून दिसत नसेल, एका कानाने कमी ऐकू येत असेल, पोटात सकाळपासून काही नसेल, तर त्या मुलाच्या कणगीत दाणाच पडलेला नसतो. शिवाय मनाचा उंबरठा अरुंद आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली एक प्रसिद्ध निबंध लिहिला. एका वेळी मनुष्य साधारणतः सात सुट्या गोष्टी, फार तर दोन कमी वा दोन अधिक, लगेच परत म्हणून दाखवू शकतो, असे त्यांनी त्यात मांडले. पुढे २००१ साली नेल्सन कोवन यांनी पूर्वीच्या पुष्कळ प्रयोगांचा आढावा घेऊन ही मर्यादा चारच्या आसपास असावी असे दाखविले. हा हिशेब मोठ्या माणसांचा झाला. लहान मुलांची मर्यादा याहून कमी असते.

आता एक गंमत पाहा. १८५७१९४७१९६० हे बारा अंक एकदा ऐकून सुटे सुटे कोणाच्याही ध्यानात राहणार नाहीत. पण सत्तावन्नचा उठाव, देशाचे स्वातंत्र्य आणि महाराष्ट्र राज्याची स्थापना ही तीन वर्षे एकापुढे एक लिहिली आहेत असे सांगितले, की बारा अंकांच्या तीनच गोष्टी होतात. ज्याच्या मनात आधीचे ज्ञान आहे त्याला नवी गोष्ट जुडीत बांधता येते. ज्याच्यापाशी ते नाही त्याला काडी काडी उचलावी लागते. श्रुतलेखनात आपण नऊ-दहा शब्दांचे वाक्य एका दमात सांगतो. चौथीचा मुलगा ते लिहितो, दुसरीचा अर्ध्यावर अडतो. दुसरीच्या मुलाला अजून प्रत्येक अक्षर वेगळे आठवावे लागते, आणि तेवढ्यात वाक्याचा शेवट निसटतो. त्याला वाक्य तोडून द्यावे, म्हणजे काम भागते.

आता धारणाकडे येऊ. विस्मरणाचे पहिले पद्धतशीर मोजमाप हर्मान एबिंगहाउस या जर्मन विद्वानाने केले आणि १८८५ साली ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. त्याच्या प्रयोगातला विद्यार्थी तो स्वतःच होता. अर्थ नसलेल्या अक्षरगटांच्या याद्या करावयाच्या, त्या बिनचूक पाठ करावयाच्या आणि काही काळाने तीच यादी पुन्हा पाठ करावयास किती वेळ लागतो ते मोजावयाचे, अशी त्याची रीत होती. या रीतीतले मर्म पाहण्यासारखे आहे. ‘किती आठवते?’ असे त्याने विचारले नाही. ‘पुन्हा शिकताना किती श्रम वाचले?’ असे विचारले.

त्याला जे आढळले ते असे. वीस मिनिटांनी पुन्हा शिकताना शेकडा ५८ श्रम वाचत. एका तासाने ४४, एका दिवसाने सुमारे ३४, सहा दिवसांनी २५ आणि एकतीस दिवसांनी २१. या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. पहिली ही, की विस्मरणाचा मोठा घाला पहिल्या तासाभरात आणि पहिल्या दिवसात पडतो, पुढे उतार सौम्य होत जातो. दुसरी ही, की महिना उलटल्यावर यादी तोंडी म्हणता येत नसली तरी पाचवा हिस्सा श्रम वाचतातच. जे गेले असे वाटत होते ते सर्व गेलेले नव्हते.

बंधुभगिनींनो, माझ्या त्या विद्यार्थ्याकडे या दृष्टीने पाहा. चैत्रात मी त्याला ‘म्हण’ म्हणालो आणि तो थांबला, तेथेच मी निकाल दिला. खरी परीक्षा अशी होती, की त्याला सातचा पाढा पुन्हा शिकवावयाचा आणि तो किती दिवसांत येतो ते पाहावयाचे. पुष्कळ वर्षांनी अशीच तोडीवरून परतलेली एक मुलगी माझ्या वर्गात आली, तेव्हा मी हेच केले. ज्या पाढ्याला तिला पूर्वी आठवडा लागला होता, तो दोन दिवसांत तिच्या तोंडी बसला. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे. पण ती शाळेत टिकली, आणि मला तेवढे पुरे होते.

एबिंगहाउसने आणखी एक गोष्ट मोजली. अर्थपूर्ण कवितेची कडवी पाठ करण्यास त्याला तेवढ्याच लांबीच्या निरर्थक अक्षरांच्या सुमारे एकदशांश श्रम पुरले. अर्थ, वृत्त आणि यमक यांची ही मदत आहे. कविता आधी समजावून मग पाठ करून घ्यावी, असे आपले जुने गुरुजी सांगत. त्यांच्या अनुभवाला येथे आकड्यांचा आधार मिळतो.

आता तिसरी पायरी, प्रत्यावाहन. माझ्या मते आपल्या वर्गांतले बहुतेक घोटाळे याच पायरीवर होतात. १९६६ साली कॅनडातील एंडेल टल्व्हिंग आणि त्यांच्या सहकारी पर्लस्टोन यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना शब्दांच्या याद्या ऐकविल्या. शब्द गटागटाने होते, जसे आपण फळांची, भांड्यांची, पक्ष्यांची नावे सांगावी. मग काहींना कोरा कागद दिला आणि काहींना गटांची नावे लिहिलेला कागद दिला. ज्यांना गटांचे नाव मिळाले त्यांना पुष्कळ अधिक शब्द आठवले. कोरा कागद मिळालेल्यांनाही मागाहून गटांची नावे सांगितली, तेव्हा न आठवलेले अनेक शब्द बाहेर आले. मनात असणे आणि हाती लागणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट झाले.

हे आपल्या आयाबहिणींना प्रयोगावाचून ठाऊक होते. जात्यावर बसून शंभर ओव्या म्हणणाऱ्या म्हातारीला ओसरीवर बसवून ‘आजी, ओव्या सांगा’ म्हणावे, तर तिला चार आठवतात आणि पाचवीला ती अडते. खुंट्यावर हात पडला, घरघर सुरू झाली, की एकीमागून एक ओवी येते. खुंटा, घरघर आणि पहाटेची वेळ हे तिच्या आठवणीचे धागे असतात. खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांना लिहितावाचता येत नव्हते. घरकाम आणि शेतकाम करता करता त्या गाणी रचीत. जवळच्यांनी त्यांतली काही लिहून घेतली, म्हणून १९५१ साली त्यांचे निधन झाल्यावर १९५२ साली ती पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आली. अक्षरओळख नसणे आणि स्मरण नसणे यांचा काही संबंध नाही, याचे याहून मोठे उदाहरण देता येणार नाही. आपल्या शाळेत येणाऱ्या मुलांच्या कित्येक आज्या निरक्षर होत्या. त्या घरांना ‘मंद’ म्हणण्याआधी हे आठवावे.

आता पाढ्यांकडे पाहा. ‘सात एके सात’पासून सारा वर्ग तालावर म्हणतो आणि आपणांस वाटते, पाढा आला. मग एखाद्याला मधूनच विचारावे, ‘सात आठी किती?’ तो मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणत येतो, किंवा ‘चौपन्न’ असे शेजारच्या घरचे उत्तर देतो. प्रत्येक उत्तर आधीच्या उत्तराच्या धाग्याला बांधलेले असते, म्हणून मधला मणी एकटा हाती येत नाही. एका सुरात म्हणण्याचा उपयोग आहेच. पण त्यानंतर उलटसुलट, मधून मधून विचारण्याचा सराव दिला नाही, तर तो पाढा हिशेबाच्या वेळी कामास येत नाही.

म्हणून मूल अडले की लगेच उत्तर सांगू नये आणि रागावूही नये. धागा द्यावा. ‘सात साती किती ते सांग, त्यात आणखी सात मिळव.’ इतिहासात नाव आठवत नसेल तर किल्ल्याचे चित्र दाखवावे. धाग्यानेही आले नाही, तर मग उत्तर सांगावे आणि थोड्या वेळाने तेच पुन्हा विचारावे. भीतीने मन प्रश्नावरून उडून छडीवर जाते, आणि आठवण्यास जी जागा हवी ती भीतीच व्यापून टाकते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. कायदा नसता तरी स्मृतीच्या शास्त्राने तेच सांगितले असते.

यापुढची गोष्ट आपल्या रोजच्या कामाची आहे. कणगीतून धान्य काढले की ते कमी होते. स्मृतीचे उलट आहे. एखादी गोष्ट आठवून बाहेर काढली की ती अधिक घट्ट बसते. येथे आपली कणगीची उपमा संपते. १९३९ साली हर्बर्ट स्पिट्झर यांनी अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या ९१ प्राथमिक शाळांतील सहावीच्या ३,६०५ मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. मुलांना माहितीपर उतारा वाचावयास दिला. काहींची त्यावर लवकर चाचणी घेतली, काहींची बऱ्याच दिवसांनी घेतली. ज्यांना लवकर आठवावयास लावले होते त्यांच्या ध्यानात तो पुढे अधिक राहिला.

रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग याच प्रकारचा आहे. एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचला आणि एकदा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते: त्यांना शेकडा ८१ आठवले, दुसऱ्यांना ७५. पण आठवड्याने विचारले तेव्हा दोनदा वाचणाऱ्यांचे शेकडा ४२ वर आले आणि आठवून लिहिणाऱ्यांचे ५६ राहिले. या आकड्यांत आपल्याला पडणारी भूल दडलेली आहे. पुन्हा पुन्हा वाचले की धडा ओळखीचा वाटतो. ओळख पटणे निराळे आणि आठवणे निराळे. बाजारात भेटलेल्या माणसाचा चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव आठवत नाही, तसे हे आहे.

पाठांतराची वाटणी हाही महत्त्वाचा मुद्दा आहे. बारा अक्षरगटांची यादी एबिंगहाउसने एका दिवशी सलग ६८ वेळा घोकली, तेव्हा दुसऱ्या दिवशी जो लाभ झाला, तोच लाभ तीन दिवसांत वाटून ३८ वेळा म्हटल्याने मिळाला. शनिवारी एक तास पाढे घोकून घेण्यापेक्षा रोज दहा मिनिटे घेणे अधिक फलदायी, हे यावरून उघड आहे. सलग पावसाचे पाणी वाहून जाते, थांबून थांबून पडलेले मुरते.

मेंदूविषयीही एक हकिकत सांगितली पाहिजे. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलिसन नावाच्या सत्तावीस वर्षांच्या तरुणाला फेफऱ्याचा असाध्य विकार होता, म्हणून शस्त्रक्रिया करून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, आतला काही भाग काढला. झटके कमी झाले, परंतु नवी घटना त्याच्या स्मृतीत राहीना. आत्ता भेटलेला माणूस थोड्या वेळाने त्याला अनोळखी होई. तरीही आरशात पाहून चांदणीची आकृती गिरविण्याचा सराव ब्रेंडा मिल्नर या विदुषीने त्याला दिला, तेव्हा दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला. आदल्या दिवशी हे काम केल्याचे मात्र त्याला आठवत नसे. २००८ साली तो वारला तोपर्यंत शास्त्रज्ञ त्याच्याकडून शिकत होते. हाताचे कौशल्य आणि घटनांची आठवण यांच्या वाटा मेंदूत निराळ्या आहेत, हे त्याच्यामुळे कळले. सुलेखन, विणकाम, पोहणे ही सांगून येत नाहीत, करून येतात, याचे कारण यात आहे. स्पष्टीकरण तोंडपाठ आहे पण अक्षर सुधारत नाही, अशा मुलाला आणखी स्पष्टीकरण न देता वही द्यावी.

झोपेचाही उल्लेख केला पाहिजे. जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले, की पाठ केल्यावर तेवढेच तास जागे राहण्यापेक्षा झोप घेतली असता विस्मरण कमी होते. पुढील संशोधनाने, झोपेत मेंदू दिवसाचे शिकलेले स्थिर करतो, या विचारास पुष्टी दिली आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलांना जागवू नका, हे पालकांच्या सभेत जरूर सांगावे.

आता व्यवहाराचे बोलतो. बहुवर्ग शाळेत वेळ थोडा असतो, हे मी जाणतो. म्हणून मी ज्या गोष्टी केल्या, ज्यांना खर्च नाही आणि वेगळा तास नाही, तेवढ्याच सांगतो.

पहिली गोष्ट: तासाच्या आरंभी पाच मिनिटे पुस्तके मिटवून पाटीवर तीन प्रश्नांची उत्तरे लिहून घ्यावी. एक प्रश्न कालचा, एक गेल्या आठवड्याचा, एक गेल्या महिन्याचा. याला गुण देऊ नयेत आणि नोंद ठेवू नये. चूक तेथल्या तेथे दुरुस्त करावी, नाहीतर तीच घट्ट बसते.

दुसरी: दोन वर्ग एकत्र असतील तर मोठ्या मुलांनी लहानांना प्रश्न विचारावे. विचारणाऱ्यालाही उत्तर आठवावे लागते, त्यामुळे दोघांचा अभ्यास होतो.

तिसरी: धडा संपल्यावर ‘समजले का?’ असे विचारू नये. सारी मुले ‘हो’ म्हणतात. ‘पुस्तक मिटा आणि काय वाचले ते शेजाऱ्याला सांगा,’ असे म्हणावे.

चौथी, आणि मला सर्वांत जवळची: दीर्घ गैरहजेरीनंतर आलेल्या मुलाची पहिल्या दिवशी परीक्षा घेऊ नये. आठ-दहा दिवस त्याला मागचे पुन्हा शिकवावे, तो किती वेगाने पकडतो ते पाहावे, आणि मग त्याची पातळी ठरवावी. तोडीवरून, वीटभट्टीवरून, मेंढरांमागून आलेल्या प्रत्येक मुलाचा हा हक्क आहे असे मी समजतो.

एक प्रामाणिक इशाराही देतो. या उपायांनी सर्व मुले सारखी होतील, असे कोणी समजू नये. माणसामाणसांत फरक राहतोच. काही मुलांना खरोखर वैद्यकीय तपासणीची गरज असते, आणि ती वेळीच करविणे हेही आपलेच काम आहे. परंतु प्रश्नाला उत्तर आले नाही एवढ्यावरून डोके रिकामे आहे असे ठरविण्याचा अधिकार आपल्याला नाही.

त्या मुलाच्या नोंदीतले ते दोन शब्द आता मला पुसता येत नाहीत. तो आज कोठे असेल, ते मला ठाऊक नाही. तोडीवरून मुले परत येऊ लागतात तेव्हा दरवर्षी मला त्याची आठवण होते. यंदाही आपल्या शाळांच्या दारात अशी मुले येतील. त्यांना ‘काय येते ते सांग’ म्हणण्याआधी ‘बस, पुन्हा सुरुवात करू’ एवढे म्हणावे, अशी माझी आपणां सर्वांस हात जोडून विनंती आहे.